क्रिस्टीन सिंक्लेअर : १९० गोल खरंच का? आणि ही बाई एवढी वर्षं टिकली कशी? भाचीसाठी विचारायलोय

सेलूकर_मामा :

राम राम मंडळी. इथं क्रिकेट अन् कबड्डीवर लै चर्चा होती, आज फुटबॉलचं विचारायलोय.

भाची नववीला आहे, शाळेच्या टीममधी फॉरवर्ड खेळती, यंदा जिल्ह्याच्या मुलींच्या टीममधी पण घेतलंय तिला. पोरगी बोलायला एकदम कमी पण पायात बॉल आला की वेगळीच होती. तिला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की देशासाठी सगळ्यात जास्त गोल मारणारा माणूस रोनाल्डो नाही, मेस्सी पण नाही, तर कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर म्हणून एक बाई आहे, १९० गोल, आता रिटायर झालीय म्हणे. तवापासून घरात एकच विषय. आजोबा म्हणतात कॅनडात नुसता बर्फ, तिथं कुठला आलाय फुटबॉल, अन् फुटबॉलवर पोरीचं पोट भरतं का.

तर मला हे पाहिजे की हा १९० चा आकडा खरा आहे का, अन् कॅनडात बायकांची लीगच नव्हती असं वाचलं, मग ही एवढी वर्षं खेळली कुठं, पगार कोण देत होतं. अजून एक. भाचीचा स्वभाव शांत, मैदानात ओरडत नाही, दुसरी मोकळी दिसली की बॉल देऊन टाकती. कडेला उभे राहणारे बाप्ये ओरडतात की फॉरवर्ड आहेस ना मग स्वतः मार, पास कामून देतीस. एकानं तर तोंडावर सांगितलं की असल्या पोरी कॅप्टन होत नसतात, त्याला तोंड लागतं. लेकरू दोन दिवस गप्प होतं. सिंक्लेअर या बाबतीत कशी होती? ज्यांनी तिच्या मॅच बघितल्यात त्यांनी सविस्तर लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

---

आमखास_कट्टा (छ. संभाजीनगर) :

मामा, आकडा शंभर टक्के खरा आहे. ३३१ मॅच आणि १९० गोल, हे फक्त देशाकडून, क्लबचे वेगळे. पुरुष बायका सगळे धरून जगात पहिला नंबर. रोनाल्डो १४० च्या पुढं गेलाय, आपला छेत्री नव्वदीच्या वर आहे, म्हणजे अंतर केवढं आहे ते बघा. तिच्या आधी हा रेकॉर्ड अमेरिकेच्या अॅबी वॉम्बाकचा होता १८४ चा, तो तिनं २९ जानेवारी २०२० ला मोडला, टेक्सासमधी ऑलिंपिक क्वालिफायरची मॅच होती.

आता पहिल्यापासून सांगतो. जन्म १२ जून १९८३, व्हँकुव्हरला लागून बर्नबी म्हणून शहर आहे तिथला. चार वर्षांची असल्यापासून खेळायली. मामांचा पण संबंध आहे बरं का, तिचे दोन मामा ब्रायन अन् ब्रूस गँट हे स्वतः प्रोफेशनल खेळलेले, पोर्टलंड टिंबर्सकडून, त्यामुळं भाचीसाठी मामानं धागा काढला हे बघून मला लै बरं वाटलं. १६ वर्षांची असताना २००० साली पोर्तुगालमधल्या अल्गार्व्ह कपात कॅनडाकडून पहिली मॅच खेळली आणि त्याच स्पर्धेत नॉर्वेविरुद्ध पहिला गोल. म्हणजे तुमच्या भाचीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी असंल तेव्हा.

मग २००२. फिफानं मुलींचा १९ वर्षांखालचा वर्ल्डकप पहिल्यांदाच घेतला आणि तो कॅनडात, फायनल एडमंटनला. कुणाला वाटलं नव्हतं की पोरींची मॅच बघायला लोक येतील, फायनलला ४७,७८४ लोक आले. एवढे लोक, वर्ल्डकप कसला तर पोरींचा ज्युनिअर! कॅनडा अमेरिकेकडून एक्स्ट्रा टाइममधी गोल्डन गोलवर (म्हणजे आधी गोल मारंल तो तिथंच जिंकला) १-० नं हरला पण स्पर्धेत सिंक्लेअरचे १० गोल होते, सगळ्यात जास्त गोलचं आणि बेस्ट प्लेअरचं दोन्ही बक्षिसं तिला. आजोबांना हे सांगा, बर्फाच्या देशात काय झालं ते.

पोटाचं विचारलंत तर तिथंच खरी गोष्ट आहे. घरी लीग नाही म्हणून ती अमेरिकेत पोर्टलंड युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, तिथं कॉलेजच्या खेळाला स्कॉलरशिप असती. २००२ आणि २००५ ला कॉलेज चॅम्पियन, २००५ च्या एका सीझनमधी ३९ गोल मारले. पण ती कॉलेजात असतानाच २००३ ला अमेरिकेची पहिली बायकांची प्रो लीग बंद पडली, पैसे संपले. म्हणजे डिग्री हातात आली तेव्हा खेळायला प्रोफेशनल लीगच नव्हती कुठं तिकडं. मग ती व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सकडून खेळत राहिली. २००९ ला दुसरी लीग निघाली, तिथं एफसी गोल्ड प्राइड नावाच्या टीमकडून ब्राझीलच्या मार्टासोबत खेळली, २०१० ला चॅम्पियन झाले आणि चॅम्पियन झाल्या झाल्या त्याच वर्षी टीमच बंद! कप जिंकणारी टीम बंद पडती, विचार करा. २०११ ला वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून परत चॅम्पियन, फायनलची बेस्ट प्लेअर तीच, अन् २०१२ चा सीझन सुरू व्हायच्या आधी अख्ख्या लीगनं गाशा गुंडाळला.

तिसरी लीग २०१३ ला आली, एनडब्ल्यूएसएल, आणि या वेळी अमेरिका कॅनडा मेक्सिको तिन्ही देशांच्या फेडरेशननं आपापल्या खेळाडूंचा पगार उचलला म्हणून ती तगली. सिंक्लेअर पोर्टलंड थॉर्न्सकडून पहिल्या सीझनपासून २०२४ पर्यंत, बारा सीझन एकाच टीमकडून. २०१३, २०१७, २०२२ तीन वेळा चॅम्पियन. २०१३ ची फायनल कुठं होती माहितीय का, रॉचेस्टरला, तिच्याच जुन्या फ्लॅश टीमच्या मैदानावर, आणि तिथं दुसरा गोल तिचा होता.

थॉर्न्सच्या मॅचला पोर्टलंडमधी स्टेडियम भरलेलं असतंय, गाणी, ढोल, धूर. मी रात्रीच्या रात्री जागून बघितल्यात. आमच्या आमखास मैदानावर ईदनंतर जी स्पर्धा असती त्यातली गर्दी ज्यांनी बघितलीय त्यांना कळंल मी काय म्हणायलोय.

---

नांदेड_डिफेंडर :

आमखासवाले भाऊ, माहिती भारी दिली पण माझं थोडं वेगळं मत आहे, रागाऊ नका. १९० आकडा मी खोटा म्हणत नाही, पण नुसता आकडा सांगून लेकराला काय कळणार? ज्या मॅचमधी वॉम्बाकचा रेकॉर्ड मोडला ती सेंट किट्स अँड नेव्हिसविरुद्ध होती, कॅनडा ११-० नं जिंकला. त्या भागात कमजोर टीम पुष्कळ आहेत, गोल निघतात. वर्ल्डकप कधी जिंकला नाही, २००३ ला चौथा नंबर हीच सगळ्यात मोठी मजल. २०११ ला तर सोळा टीममधी शेवटचा नंबर होता कॅनडाचा. २०२३ च्या वर्ल्डकपात नायजेरियाविरुद्ध तिची पेनल्टी कीपरनं अडवली, मॅच ०-० सुटली अन् पुढं ग्रुपमधूनच बाहेर. हे पण सांगायला पाहिजे ना.

मी डिफेंडर खेळतो म्हणून मला फॉरवर्ड कधी भारी वाटतो तर समोर तगडी टीम असताना, पाय दुखत असताना, ढकलाढकली चालू असताना तो काय करतो त्यावरून. त्या हिशोबानं सिंक्लेअरच्या दोन मॅच मी कुणालाही दाखवीन.

पहिली त्याच २०११ च्या वर्ल्डकपमधली. बर्लिनला जर्मनीविरुद्ध ओपनिंग मॅच, सत्तर हजारांच्या वर लोक, जर्मनी दोन वेळची चॅम्पियन आणि २००७ चा अख्खा वर्ल्डकप एकही गोल न खाता जिंकलेली. सेकंड हाफमधी जर्मन डिफेंडरचं कोपर लागून हिचं नाक मोडलं. मोडलं म्हणजे वाकडंच झालं. ती बाहेर बसली नाही. ८२ व्या मिनिटाला फ्री किक मिळाली, ती उचलून तिनं थेट जाळ्यात टाकली. मॅच २-१ नं हरले. पुढच्या मॅच मास्क घालून खेळली.

दुसरी २०१२ ची. ६ ऑगस्ट, लंडन ऑलिंपिकची सेमीफायनल, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, समोर अमेरिका. यार ही मॅच ज्यानं बघितली नाही त्यानं फुटबॉल काय बघितला. २२ व्या मिनिटाला सिंक्लेअरचा गोल, १-०. अमेरिकेच्या रॅपिनोनं कॉर्नर मारला तो कुणाला न लागता सरळ आत, १-१. ६७ ला सिंक्लेअर हेडर, २-१. तीन मिनिटांत रॅपिनो परत, २-२. आणखी तीन मिनिटांत कॉर्नरवरून सिंक्लेअर परत हेडर, ३-२. अमेरिकेसारख्या टीमसमोर हॅटट्रिक, सेमीफायनलला, म्हणजे कॅनडाच्या प्रत्येक गोलवर हिचंच नाव. डिफेंडरच्या नजरेनं सांगतो, दोन्ही हेडर बघा, बॉल यायच्या आधीच तिनं जागा पकडलेली आहे, मार्किंगवाली पोरगी तिच्या मागं राहिली. उंचीनं नाही जिंकली ती, वेळेनं जिंकली.

आणि मग ते रेफरीचं प्रकरण. कॅनडाची गोलकीपर एरिन मॅक्लाऊडनं बॉल हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरला म्हणून नॉर्वेच्या रेफरीनं बॉक्समधी इनडायरेक्ट फ्री किक दिली. हा नियम पुस्तकात होता पण वर्षानुवर्षं कुणी लावत नव्हतं. त्या फ्री किकवर बॉल कॅनडाच्या डिफेंडरच्या हाताला लागला, पेनल्टी, वॉम्बाकनं मारली, ३-३. एक्स्ट्रा टाइम, अन् १२३ व्या मिनिटाला अॅलेक्स मॉर्गनचा हेडर. ४-३. मी तेव्हा कॉलेजला होतो, त्या रात्री जेवण गेलं नाही.

मॅचनंतर ही शांत शांत म्हणतात ती बाई रेफरीवर एवढी बोलली की फिफानं तिच्यावर चार मॅचची बंदी घातली आणि दंड केला. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. भाचीला सांगा की शांत माणसाला पण राग येतो अन् यायला पाहिजे. पण खरी गोष्ट पुढची. बंदी नंतर आली, आधी तीन दिवसांनी ब्रॉन्झची मॅच होती फ्रान्सविरुद्ध. पाय उचलत नव्हते कॅनडाच्या पोरींचे, फ्रान्सनं गोलपोस्टवर बॉल आदळले, आणि ९० मिनिटं संपल्यावर डायना मॅथिसननं गोल मारला, १-०. सिंक्लेअरला या मॅचमधी गोल नाही, पण त्या ऑलिंपिकला सहा गोल मारून ती टॉप स्कोअरर. समारोपाला कॅनडाचा झेंडा तिच्या हातात होता.

म्हणून म्हणतो, १९० सोडा, हे सहा पुरे आहेत.

---

आमखास_कट्टा :

नांदेडकर, ओल्ड ट्रॅफर्डवर तुमच्याशी वादच नाही. पण कमजोर टीमचं म्हणाल तर रोनाल्डोनं पण लक्झेंबर्ग आणि अँडोरावर मारलेत की गोल, ते कुणी वजा करत नाही. सिंक्लेअरचे १० गोल वर्ल्डकपमधले आहेत. २००३, ०७, ११, १५, १९ अशा पाच वर्ल्डकपमधी गोल, हे बायकांत फक्त मार्टानं आणि हिनं केलंय. पाच वर्ल्डकप म्हणजे सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत दोन लीग बंद पडल्या, वडील गेले, आईला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणून मज्जासंस्थेचा आजार होता तो वाढत गेला. मला तिचं टिकणंच जास्त भारी वाटतंय.

---

मोठी_आई_लातूर :

मी लातूरला मुलींना फुटबॉल शिकवते, शाळेत पीटी टीचर आहे. मामा, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहायला बसले. पास कामून देतीस हे वाक्य मी आमच्या मैदानावर इतक्यांदा ऐकलंय की त्या बाप्यांना एकदा समोर बसवून टोकियोची मॅच दाखवायची इच्छा आहे.

आधी खेळ कसा होता ते सांगते. सिंक्लेअर म्हणजे नुसती पळणारी फॉरवर्ड कधीच नव्हती. दोन्ही पाय चालायचे, हेडर चालायचा, पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल धरून ठेवायची, तोवर बाकीच्या पुढं पळत यायच्या. वय वाढलं तसा वेग कमी झाला, मग ती हळूहळू मागं सरकली, स्ट्रायकरच्या मागं खेळायला लागली आणि पास देणारी झाली. पुष्कळ फॉरवर्डना हे जमत नाही, गोल आपला नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. हिनं ती जागा आनंदानं घेतली म्हणून ३८ व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या टीममधी होती. आणि नुसती नावाला नव्हती, पहिल्याच मॅचमधी जपानविरुद्ध सहाव्या मिनिटाला गोल मारला, देशाकडून ती तिची ३०० वी मॅच होती.

आता पेनल्टीचं लक्ष देऊन वाचा, भाचीला पण हेच वाचून दाखवा. २०१९ चा वर्ल्डकप, फ्रान्स, प्री-क्वार्टरला स्वीडनविरुद्ध कॅनडा १-० नं मागं. पेनल्टी मिळाली. कॅप्टन सिंक्लेअर, पेनल्टी मारायचा हक्क तिचा, वॉम्बाकच्या रेकॉर्डच्या अगदी जवळ आलेली. तिनं जनीन बेकीला विचारलं, तू मारतीस का. बेकीनं मारली, चांगली मारली, स्वीडनची कीपर लिंडालनं झेप घेऊन काढली. कॅनडा बाहेर. लोकांनी काय काय म्हटलं असंल ते आपण समजू शकतो, आपल्याकडं असतं तर घरावर मोर्चा आला असता.

पुढं दोन वर्षांनी टोकियो. सेमीफायनल, परत अमेरिका, कॅनडा त्यांना वीस वर्षांत एकदाही हरवू शकलेला नाही. ०-० चालू, पाऊण मॅच झालेली, पेनल्टी मिळाली. सिंक्लेअरनं बॉल उचलला. आणि नेऊन दिला कुणाला, तर जेसी फ्लेमिंगला, २३ वर्षांची पोरगी! एकदा दुसरीला देऊन वर्ल्डकपमधून बाहेर गेलेली बाई परत तेच करती. का? कारण त्या वेळी फ्लेमिंगचा पाय सगळ्यात भरवशाचा होता. अमेरिकेच्या गोलमधी तेव्हा एड्रियाना फ्रँच उभी होती, सिंक्लेअरची पोर्टलंड थॉर्न्समधली सोबतीण, वर्षानुवर्षं प्रॅक्टिसला समोरासमोर, सिंक्लेअर कुठं मारती ते तिला तोंडपाठ. मी कोच म्हणून सांगते, त्या क्षणाला बॉल देऊन टाकायला जे लागतं ते गोल मारण्यापेक्षा अवघड आहे. फ्लेमिंगनं कोपऱ्यात टाकला, १-०, कॅनडा फायनलला.

फायनल ६ ऑगस्ट २०२१. तारीख बघा, ओल्ड ट्रॅफर्डच्या त्या मॅचला बरोबर नऊ वर्षं. आपल्याकडं संध्याकाळी साडेपाचला लागली होती. त्याच दिवशी सकाळी आपल्या हॉकीच्या पोरी ब्रिटनकडून ब्रॉन्झची मॅच ४-३ नं हरल्या होत्या, मी आणि आमच्या पोरी सकाळी रडलेलो, आणि संध्याकाळी सगळ्याजणी माझ्या घरी कॅनडासाठी ओरडत होतो. स्वीडननं पहिला गोल मारला. सेकंड हाफमधी सिंक्लेअरला बॉक्समधी पाडलं, पेनल्टी, परत फ्लेमिंग, १-१. शेवटी शेवटी सिंक्लेअरला बाहेर घेतलं, म्हणजे शूटआउटला ती बाजूला उभी, काहीच हातात नाही. कॅनडाच्या तीन पेनल्टी लागोपाठ वाया गेल्या. स्वीडनच्या कॅप्टन सेगरनं एक मारली असती तर संपलं होतं, तिची वरून गेली. मग डीन रोझनं मारली, कीपर लाबेनं पुढची अडवली, आणि वीस वर्षांच्या ज्युलिया ग्रोसोनं शेवटची आत घातली. गोल्ड!

ज्या पोरींनी तो गोल्ड आणला, फ्लेमिंग, रोझ, ग्रोसो, त्या सगळ्या सिंक्लेअरला बघून मोठ्या झालेल्या. तर मामा, त्या कडेच्या माणसाला सांगा, ही बाई पण लाजाळू म्हणूनच ओळखली जायची, मुलाखतीत सुद्धा कमी बोलणारी, आणि ती वर्षानुवर्षं कॅनडाची कॅप्टन होती.

---

अंबाजोगाईचा_सध्या_कॅनडात :

मी मूळ अंबाजोगाईचा, आयटीत आहे, सध्या व्हँकुव्हरजवळ राहतो. इथं येईपर्यंत मला सिंक्लेअर कोण ते माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर इथं पहिलं प्रेम आइस हॉकीच आहे, फुटबॉलला हे लोक सॉकर म्हणतात. पण ५ डिसेंबर २०२३ ला तिची देशाकडून शेवटची मॅच होती ऑस्ट्रेलियाविरुद्ध, बीसी प्लेस स्टेडियमला. त्या दिवसापुरतं स्टेडियमचं नाव बदलून क्रिस्टीन सिंक्लेअर प्लेस ठेवलं होतं. ऑफिसमधल्या एका बाईनं तिकिटं काढली, तिच्या दोन मुलींसोबत मी गेलो. ४८,११२ लोक. मंगळवार, थंडी, पाऊस, आणि बारा नंबरची जर्सी घातलेल्या पोरी, त्यांच्या आया, आज्या सुद्धा. कॅनडा १-० नं जिंकला. सेकंड हाफमधी तिला बाहेर घेतलं तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं, माझ्या शेजारचा पंजाबी ड्रायव्हर काका हुंदके देऊन रडत होता, त्याची पोरगी गोलकीपर आहे म्हणे.

बारा नंबरचं पण ऐका. तो तिनं टोरंटोच्या बेसबॉल टीमच्या रॉबर्टो अलोमारमुळं घेतला, लहानपणी तिचा आवडता खेळाडू. बर्नबीत आता तिच्या नावाचं कम्युनिटी सेंटर आहे, तिथं कुणाचीही लेकरं जाऊन खेळतात.

पगाराचं मामांनी विचारलं त्यावर एक गोष्ट राहिली. गोल्ड मेडल आणल्यावर सुद्धा कॅनडाच्या फेडरेशनशी पोरींचा पैशावरून वाद चालू होता. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी संप करायचं जाहीर केलं, तर फेडरेशननं कायदेशीर कारवाईची भीती घातली, शेवटी खेळल्या पण जांभळे टी-शर्ट घालून, त्यावर लिहिलेलं की आता बस्स झालं. पुढच्या महिन्यात सिंक्लेअर आणि अजून तिघी पार्लमेंटच्या कमिटीसमोर जाऊन बोलल्या, सगळ्या देशानं बघितलं. जी मुलाखतीत दोन वाक्यांच्या वर बोलायची नाही ती तिथं बसून हिशोब मागत होती. आणि लीगचं म्हणाल तर २०२५ ला कॅनडाची स्वतःची बायकांची प्रो लीग सुरू झाली, नॉर्दर्न सुपर लीग, सहा टीम. ती उभी करणारी कोण, तर २०१२ ला फ्रान्सविरुद्ध गोल मारणारी डायना मॅथिसन. व्हँकुव्हरच्या टीममधी सिंक्लेअरनं स्वतःचे पैसे घातलेत. तिला स्वतःला मात्र घरच्या लीगमधी एक मॅच खेळायला मिळाली नाही, २०२४ च्या शेवटी ती रिटायर झाली आणि लीग पुढच्या एप्रिलला आली. मला याचं लै वाईट वाटतं.

---

नांदेड_डिफेंडर :

अंबाजोगाईकर, हे पार्लमेंटचं लिहिलंत ते बरं केलं. आपल्याकडं कुणी पोरगी उठून विचारंल का की आमच्या टीमला येण्याजाण्याचं भाडं का नाही मिळालं? मागं आमच्या जिल्ह्यातल्या पोरी राज्य स्पर्धेला गेल्या तर जनरल डब्यात उभं राहून गेल्या, जर्सी पोरांच्या जुन्या. कुणी काही बोललं नाही. मी पण बघतच होतो.

अन् आमखासवाले, पाच वर्ल्डकपवर मी तुम्हाला मानलं, पण माझ्यासाठी ते सहाच गोल वर राहणार.

---

सेलूकर_मामा :

सगळ्यांचे लै आभार. कालच बसून सगळं वाचून दाखवलं. आजोबा पण ऐकत होते, काही बोलले नाहीत पण लीग बंद पडलेलं आलं तेव्हा विचारलं की मग खाल्लं काय त्या पोरीनं तवा. भाचीनं पेनल्टीचं परत परत वाचायला लावलं. तिचे दोन प्रश्न आहेत, एक लातूरच्या मॅडमसाठी, तिचा डावा पाय कच्चा आहे तर दोन्ही पाय चालायला काय करायचं? अन् दुसरा, आता पुढं काय, जिल्ह्याच्या पुढं कसं जायचं? आमच्याकडं मैदान म्हणजे मुरूम, अन् मार्चपासून दुपारी पाय ठेवायची सोय नाही.

---

मोठी_आई_लातूर :

बाळा, डाव्या पायासाठी भिंत शोध. शाळेची, गोडाऊनची, कुठलीही. पाच सहा पावलांवर उभं राहायचं, डाव्यानं मारायचं, परत आलेला बॉल डाव्यानंच थांबवायचा, उजवा लावायचाच नाही. पहिले काही दिवस बॉल कुठंही जाईल, जाऊ दे. रोज शाळेच्या आधी अर्धा तास, ऊन चढायच्या आत. बॉलकडं बघताना टेकलेल्या पायाकडं लक्ष ठेव, तो बॉलच्या शेजारी आणि जिकडं मारायचं तिकडं बोट करून असला पाहिजे, निम्म्या पोरींची चूक तिथंच असते. डाव्यानं मारताना टेकलेला पाय उजवा असतो आणि त्याला ही सवय नसते, म्हणून डावा कच्चा वाटतो.

मुरमावर लांब स्टडचे बूट घालू नको, घोटा मुरगळतो. खाली बारीक बारीक रबरी गाठी असलेले बूट मिळतात, टर्फचे म्हणून माग, संभाजीनगरला गुलमंडीकडं किंवा इथं लातूरला पण मिळतील. गुडघ्याला नी-कॅप लाव, मुरमावर घसरून जे सोलतं ते लवकर भरत नाही.

मामा, पुढच्या रस्त्याचं. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि सुब्रोतो कपमधी मुलींचा १७ वर्षांखालचा गट आहे, तो दिल्लीपर्यंत जातो. त्याची नोंदणी शाळेनं करायची असते, आणि शाळा विसरतात, हे मी अनुभवानं सांगते. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच तुम्ही स्वतः पीटीच्या सरांना भेटा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तारखा विचारून या. आधार कार्ड आणि जन्माच्या दाखल्यावर नाव, जन्मतारीख सारखी आहे का ते आत्ताच तपासा, अक्षराच्या फरकावरून माझी एक चांगली गोलकीपर विभागाला जाता जाता राहिली. राज्य पातळीवर खेळली तर दहावीला ग्रेस मार्क असतात, आजोबांना हे सांगा.

आणि मॅच दाखवायचीच असेल तर २०१२ ची सेमीफायनल हायलाइट नको, पूर्ण दाखवा, बॉल दुसऱ्या टोकाला असताना सिंक्लेअर कुठं उभी आहे ते बघायला लावा. सुट्टीत लातूरला घेऊन या, आमची प्रॅक्टिस सकाळी सहाला असते, आमच्या पोरींसोबत खेळू दे तिला.